माणशी अर्धा एकर: पुरंदरच्या पाणी पंचायतीचे प्रकरण

पाणलोटाचे काम करणाऱ्या गटांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर पडते. "आमच्याकडे तसा माणूस नाही हो." राळेगणला अण्णा हजारे होते, हिवरे बाजारला पोपटराव पवार आहेत, आमच्याकडे कोण? मग चहा येतो आणि विषय तिथेच मिटतो.

हे वाक्य बोलणाऱ्याच्या फार सोयीचे असते, म्हणून मला ते खटकते. 'तसा माणूस' नेमके काय करतो, याची चौकशीच करावी लागत नाही. म्हणून या लेखासाठी मुद्दाम एक जुने प्रकरण निवडले आहे. यातही 'तसा माणूस' होता, पण त्याच्यापेक्षा त्याने घातलेले नियम जास्त बघण्यासारखे आहेत. प्रकरण आहे पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या पाणी पंचायतीचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने मिळून पाणी उपसायचे आणि ठरलेल्या नियमाने वाटून घ्यायचे, या व्यवस्थेचे. आणि माणूस म्हणजे विलासराव साळुंखे. नाव बऱ्याच जणांनी ऐकलेले असते. काम काय होते ते सांगा म्हटले, तर "बंधारे वगैरे" असे उत्तर मिळते. बंधारे होतेच, पण ते या प्रकरणातले सोपे काम होते.

खडी फोडणारे हात

ज्या घरांत १९७२च्या दुष्काळाची आठवण अजून शिल्लक आहे, तिथे सुकडी आणि मिलो हे दुष्काळात मिळालेल्या खाण्याचे दोन शब्द निघतातच. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. शेतकरी, त्याची बायको, कधी म्हातारे आईबाप, सगळे एकाच हजेरीपटावर. आणि काम काय, तर बहुतेक ठिकाणी खडी फोडायची आणि रस्त्याच्या कडेला तिचे ढीग लावायचे.

दिवे घाट चढून वर आले की पुरंदर लागते. आषाढात माउलींची पालखी हाच घाट चढून सासवडला मुक्कामी येते. घाटाखाली पुणे, त्याच्या नद्या, त्याची धरणे. घाटावर पर्जन्यछायेचा प्रदेश. पश्चिमेला पुरंदर किल्ल्याच्या अंगाला पाऊस बरा असतो, पण पूर्वेकडे जाल तसा तो कमी होत जातो. कऱ्हा नदी वर्षातले बरेच महिने नावापुरतीच. अंजीर आणि सीताफळ यांनी हा तालुका गाजवला, पण ते ज्यांच्या विहिरीला पाणी टिकले त्यांचे. बाकीच्यांची बाजरी पावसावर, आणि पाऊस खंडोबाच्या मर्जीवर.

साळुंखे हे पुण्यातले अभियंते आणि कारखानदार. त्यांचा कारखाना अचूक मोजमापाची साधने बनवायचा. दुष्काळात ते पत्नी कल्पनाताईंसह या भागात फिरले आणि खडी फोडणाऱ्या रांगा बघून त्यांना पडलेला प्रश्न अगदी अभियंत्याचा होता: इतके हात, इतके दिवस, आणि पुढच्या पावसाचे पाणी अडेल असे काहीच उभे राहत नाही? याच मजुरीत ताली, नाला बांध, पाझर तलाव झाले असते, तर याच माणसांना पुढच्या वर्षी आपल्या रानात काम मिळाले असते.

असा प्रश्न दुष्काळात पुष्कळांना पडतो. पाऊस झाला की तो विसरायलाही होतो. साळुंखे विसरले नाहीत.

देवस्थानची ४० एकर

नायगाव हे पुरंदरच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातले गाव. तिथल्या देवस्थानची ४० एकर उताराची, मुरमाड जमीन साळुंख्यांनी ५० वर्षांच्या कराराने कसायला घेतली. गावात कुणाला ती नको होती, म्हणूनच ती मिळाली. १९७४मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली.

तांत्रिक काम आज कुणालाही ओळखीचे वाटेल. माथा ते पायथा. उतारावर समपातळीत बांध घालायचे, वाहून जाणारी माती धरायची, ओघळ अडवायचे, टेकडीच्या पायथ्याशी पाझर तलाव करायचा. तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खणायची, म्हणजे तलावातून जमिनीत मुरलेले पाणी तिच्यात उतरते. विहिरीतून पाणी उपसून पुन्हा वरच्या शेतात चढवायचे. ४० एकरांपैकी साधारण २४ एकर लागवडीखाली आली आणि उरलेल्या जमिनीत गवत, झाडे आणि पाणी.

इथे थांबून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. बाहेरून आलेल्या माणसाने गावाला सल्ला देण्याआधी स्वतःचे पैसे आणि स्वतःची वर्षे गावातल्या सगळ्यांत वाईट तुकड्यात घातली. आपल्याकडे स्वयंसेवी काम बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते. आधी व्याख्यान, मग शिबिर, मग फलक, आणि शेवटी गावकऱ्यांना "आता तुम्ही सुरुवात करा". गावाला हा क्रम चांगला कळतो. गावात 'पुढारी' आणि 'कार्यकर्ता' हे शब्द वेगळे ठेवलेले असतात ते उगाच नाही. ज्याच्या बुडाला चिखल लागला नाही, त्याला कार्यकर्ता म्हणत नाहीत.

अण्णा हजारे राळेगणच्या कामाच्या सुरुवातीला इथले काम बघून गेले होते. म्हणजे ज्या राळेगणचे दाखले आज दिले जातात, त्या राळेगणनेही आधी एक दाखला पाहिला होता.

पाणी यायच्या आधी नियम

आता मुख्य भाग. नायगावच्या तुकड्यावर पाणी आले, पीक आले, आजूबाजूचे शेतकरी विचारायला लागले. कुठल्याही संस्थेसाठी हा आनंदाचा क्षण असतो आणि बहुतेक संस्था इथेच चुकतात. जो विचारतो त्याला पाणी उपसायची योजना करून देतात. विचारायला पहिला कोण येतो? ज्याच्याकडे जमीन जास्त, हाताशी चार पैसे आणि तालुक्याला जायला गाडी. योजना होते, पाणी येते आणि वर्षा-दोन वर्षांत कळते की पाण्याने गावातली दरी वाढवली.

प्रतिष्ठानने योजना द्यायच्या आधी नियम ठरवले. आजही ते वाचताना थोडे दचकायला होते.

योजना एकट्याला मिळणार नाही, गटालाच मिळेल.

पाणी जमिनीच्या हिशेबाने वाटायचे नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने वाटायचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे.

पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी सोबत जात नाही.

भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

ऊस नाही. ऊसासारखी भरमसाट पाणी पिणारी दुसरी पिकेही नाहीत.

खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांनी आधी उभा करायचा. ५० टक्के शासनाचे अनुदान आणि ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्ज.

आता हे नियम जमिनीवर उतरवून बघा. एका शेतकऱ्याकडे २० एकर रान आहे आणि घरात चार माणसे. त्याला पाणी दोन एकराचे. त्याच्या बांधाला लागून दोन एकरवाल्याचे घर पाच माणसांचे. त्याला अडीच एकराचे, म्हणजे त्याच्या जमिनीपेक्षा जास्त. तिसरा पाच माणसांचा भूमिहीन, त्यालाही अडीच एकराचे. २० एकरवाल्याला ही मांडणी पहिल्यांदा ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना गावात वाढलेल्या माणसाला सहज येईल. सातबारा ज्याचा त्याचे पाणी, हे आपल्या हाडात मुरलेले आहे. आजही खरेदीखत करताना 'विहिरीच्या पाण्याच्या हिश्शासह' असे शब्द घालून घेतल्याशिवाय कुणी सही करत नाही. विहिरीतल्या हिश्शावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. तिथे हा माणूस म्हणतो, पाणी सातबाऱ्यावर नसतेच, ते चुलीवर असते.

साळुंख्यांच्या नेतृत्वाचे मर्म मला इथे दिसते, विशेषतः त्यांनी साधलेल्या वेळेत. हा नियम पाणी येण्याच्या आधी सांगितला गेला. कोरड्या विहिरीवर बसून समान वाटणी मान्य करणे अवघड नसते, कारण कुणाचे काहीच जात नसते. २० एकरवाल्यालाही दोन एकराचे पाणी शून्यापेक्षा जास्तच असते. हाच नियम पाणी आल्यावर, उसाची पहिली लागण झाल्यावर, आधीच तीन मोटारी बसल्यावर सांगितला असता, तर गावात फक्त भांडण झाले असते. आजचे अनेक गट नेमके हेच करतात. दोन-तीन उन्हाळे श्रमदान, जेसीबी, नाला खोलीकरण, मग जलपूजन, फोटो. पुढच्या जानेवारीत कुणाच्या तरी लक्षात येते की पाणी उपसण्याबद्दल काही ठरवायला हवे होते. तोवर बोअर घेऊन झालेली असते.

२० टक्क्यांबद्दलही दोन शब्द. योजना एक लाखाची धरली तर २० हजार गटाने आधी गोळा करायचे. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला ही रक्कम हलकी नव्हती. कुणी शेळी विकणार, कुणी हातउसने घेणार. पण या पैशामुळे योजना 'संस्थेची' राहत नाही. पाइप फुटला तर शेतकरी संस्थेच्या दारात जाऊन "तुमचा पाइप फुटला" म्हणत नाही. आणि ३० टक्के बिनव्याजी असले तरी ते कर्जच होते, देणगी नव्हती, त्यामुळे दर हंगामानंतर हिशेब मांडायला बसणे भाग होते. शंभर टक्के अनुदानावर झालेली किती कामे दोन पावसाळ्यांनंतर पोरकी झाली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा २०-५०-३०चा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

उसाच्या बंदीचे गणित तर सरळ आहे. एक एकर ऊस वर्षभर जितके पाणी पितो, तितक्यात ज्वारी-हरभऱ्याची कित्येक एकर भिजतात. माणशी अर्धा एकर पुरवायचा तर कुणा एकाचा ऊस परवडणार नाही. पण पुणे जिल्ह्यात, साखर कारखान्यांच्या सावलीत ही बंदी घालणे म्हणजे सगळ्यांत खात्रीच्या पैशावर पाणी सोडणे होते. ऊस हे इथे नुसते पीक नाही. त्याला दर मिळतो, त्याच्यावर सोसायटीचे कर्ज मिळते, त्याच्या जोरावर माणूस संचालक होतो.

दारे कोण धरणार

नियम कागदावर शोभतात. शेतात मात्र पहाटे तीन वाजता दारे कोण धरतो, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पिकाला पाणी कोण देतो, यावर सगळे अवलंबून असते.

पाणी पंचायतीच्या योजनांमध्ये गट स्वतःचा पाटकरी नेमायचा. पाटकरी म्हणजे पाणी वाटणारा. कुणाची पाळी कधी, किती तास, कोणत्या शेतात, हे तो बघणार आणि त्याला पगार गटाकडून. निर्णय घ्यायला गटाची बैठक आणि गटाचा प्रमुख.

या रचनेत एक शहाणपण आहे आणि स्वयंसेवी गटांनी ते अजून पुरते उचललेले नाही. पगारी काम कोणते आणि बिनपगारी काम कोणते, हे त्यांनी वेगळे केले. रोज करायचे, कंटाळवाणे, शिव्या खायचे काम पगारी माणसाकडे. भांडण मिटवणे, हिशेब बघणे, नियम मोडणाऱ्याला जाब विचारणे ही बिनपगारी जबाबदारी गटाकडे. आपल्या बऱ्याच गटांत हे उलटे असते. समन्वयक म्हणून शहरातला पगारी माणूस, आणि रोजची राबणूक गावातल्या दोन उत्साही पोरांच्या गळ्यात, फुकट. पोरे वर्षभर टिकतात. मग एक पोलीस भरतीला लागतो, दुसऱ्याचे लग्न होते.

पाटकऱ्याला पाणी भरणाऱ्या कुणा एकाकडून पैसे मिळत नाहीत, त्यामुळे त्याच्यावर एकाचाच दाब येत नाही. तो गटाचा माणूस असतो. वरच्या शेतकऱ्याने पाळी संपल्यावरही पाणी सोडले नाही, तर त्याचे नाव बैठकीत घ्यायचे काम पाटकऱ्याचे. हे बोलायला सोपे आहे. तो त्याच गावात राहतो, त्याची मुलगी त्याच वरच्या शेतकऱ्याच्या भावकीत दिलेली असू शकते. म्हणून बैठक नियमित होणे गरजेचे. बैठकीत नाव घेणे हा रिवाज झाला की ते चुगली वाटत नाही.

साळुंखे दर पाळीला पंपावर जाऊन बसले असते, तर लोकांनी त्यांचे ऐकले असते यात शंका नाही. पण मग ते संस्थापक राहिले नसते, पुरंदरचे सगळ्यांत महागडे पाटकरी झाले असते. पाणी वाटण्यातून हात काढून घेणे आणि नियमांवरचा हात मात्र न सोडणे, हा तोल त्यांनी बऱ्याच अंशी साधला.

नाही म्हणायचे काम

विलासरावांबद्दल लिहिताना त्यांची तळमळ, साधेपणा, धोतर-टोपीवाल्यांमध्ये मिसळणे यांवर पानेच्या पाने खर्च करता येतील. मला त्यापेक्षा त्यांच्या नकारांची यादी उपयोगी वाटते, आणि ती नियमांतूनच वाचता येते. एकटा शेतकरी पैसे घेऊन आला तरी त्याला योजना नाही. गटातल्या एकाला ऊस लावायचा असला तर त्याला पाणी नाही. जमीन विकत घेणारा "पाण्यासह घेतली" म्हणाला, तरी त्याला पाणी नाही. म्हणजे संस्था जितकी वाढू शकली असती तितकी तिने स्वतःला वाढू दिले नाही.

स्वयंसेवी कामात नाही म्हणणे फार जड जाते. स्वयंसेवकाला पगार मिळत नाही, त्याला मिळते ते लोकांचे प्रेम, आणि प्रत्येक नकाराने त्यातले थोडे कमी होते. शिवाय देणगीदाराला आकडे हवे असतात: किती गावे, किती योजना, किती लाभार्थी. नियम शिथिल केले की आकडे वाढतात.

याचा पुढचा भागही पाहण्यासारखा आहे. 'पाणी पंचायत' हे नाव इतके लोकप्रिय झाले की २००२मध्ये ओडिशाने पाणी वापर संस्थांसाठी केलेल्या कायद्याला हेच नाव दिले. पण तिथे गोष्ट कालव्याच्या पाण्याच्या व्यवस्थापनाची होती. माणशी वाटणी, भूमिहीनाचा वाटा, जमिनीपासून तोडलेला हक्क, हे त्या नावाबरोबर गेले नाही. त्याच वर्षी साळुंखे गेले. आपल्याकडे २००५मध्ये सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. तोही कालव्यावरच्या खातेदाराला धरूनच. खातेदार म्हणजे पुन्हा सातबारा.

विचाराचे खरे वारस दुसरीकडे सापडतात. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर शेतकऱ्यांनी चळवळीतून बळीराजा स्मृती धरण बांधले. पैसा उभा करायला नदीतली थोडी वाळू विकली, श्रमदान केले, आणि पाणी समान वाटायचे ठरवले, भूमिहीनांसकट. तिथली माणसे लाल झेंड्याच्या परंपरेतली होती, पुरंदरची कामाची पद्धत एका कारखानदाराने घातलेली. दोघे एकाच नियमापाशी पोहोचले, ही मला या सगळ्यातली सगळ्यांत गमतीची गोष्ट वाटते.

कुठे अडले

पाणी पंचायतीच्या काही योजना वर्षानुवर्षे चालल्या, काही बंद पडल्या. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पंधरा-वीस कुटुंबांनी मिळून चालवायची कोणतीही गोष्ट आपल्याकडे किती दिवस टिकते, ते आपण जाणतोच. पण अडण्याची कारणे एका जातीची नाहीत, म्हणून ती सुटी करून बघायला हवीत.

पहिले, वीज. उपसा योजनेचे सगळे गणित मोटारीवर असते. शेतीची वीज रात्रीची, तीही मध्ये मध्ये जाणारी. पाळी तासांवर ठरवलेली आणि वीज दोन तास गेली, तर ते दोन तास कुणाचे बुडाले? यात नियम मोडणारा कुणीच नसतो, तरी भांडण होतेच.

दुसरे कारण जास्त खोल आहे, शब्दशः. पाणी पंचायतीचा नियम सभासदांच्या आपसातल्या करारावर उभा होता. देशाचा कायदा मात्र त्याच्या उलट बाजूला होता. १८८२च्या इझमेंट कायद्याच्या आधाराने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाने हवे तितके उपसावे, हीच रीत चालत आली. १९७०च्या दशकात याची झळ कमी होती, कारण उघड्या विहिरीतून उपसून उपसून किती उपसणार? बोअरवेलने चित्र बदलले. गटाने टेकडीवर अडवलेले पाणी गटाच्याच विहिरीत उतरेल याची हमी राहिली नाही. शेजारच्या रानात, गटाबाहेरचा कुणी तीनशे फूट खाली गेला, तर त्याला ना वर्गणी, ना पाळी, ना ऊसबंदी. त्याला नियम मोडल्याचा दोष देता येत नाही, कारण त्याने तो कधी मान्यच केलेला नसतो. पुढे हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घ्यायलाच बंदी घातली आणि दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावसभेत मांडायला सुरुवात केली. ते त्यांना जमले, कारण तिथे नियम घालणारा गट म्हणजे सगळे गाव होते आणि हातात ग्रामपंचायत होती. पाणी पंचायतीचा गट गावाचा एक तुकडा होता. इच्छुकांचाच गट घेतल्याने शिस्त आली. पण त्यामुळेच बाहेरच्यांवर त्याची सत्ता शून्य राहिली. दोन्ही फायदे एकत्र मिळत नाहीत, हे नवा गट उभारताना आधीच कळलेले बरे.

तिसरे, भूमिहीनाचा वाटा. पाण्याचा हक्क मिळाला, पण जमीन कुठली? ज्याच्याकडे पाण्यापेक्षा जमीन जास्त, त्याची जमीन वाट्याने कसायची, हा मार्ग ठेवलेला होता. हिशेबात तो सुंदर आहे: एकाकडे पाणी शिल्लक, दुसऱ्याकडे रान शिल्लक. पण वाट्याने जमीन देणारा आणि घेणारा बैठकीला एकाच सतरंजीवर बसतात का, यावर सगळे ठरते, आणि ते जातीपासून सुटे नाही. नियम दाराशी आणून सोडतो, आत नेत नाही.

चौथे, बायका. माणशी अर्धा एकर मोजताना बाई धरली जायची, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक योजनांपेक्षा हा हिशेब पुढचाच. पण नियमांच्या यादीत बैठकीत कोण बसणार याबद्दल काही नाही. पीक कोणते लावायचे, हे रानात सगळ्यांत जास्त वेळ वाकणाऱ्या माणसाला विचारले गेले का, हा प्रश्न यादीबाहेर राहिला.

पाचवे, वर्षे. कुटुंबे फुटतात. पाच माणसांच्या घराचे दहा वर्षांत दोन संसार होतात. मुलगे हडपसरला, भोसरीला कामाला जातात. माणूस रेशनकार्डावर गावात आणि प्रत्यक्षात कंपनीच्या दुसऱ्या पाळीत. त्याचा अर्धा एकर मोजायचा की नाही? त्यात मुळा-मुठेचे पाणी उपसून पुरंदरला आणणारी सरकारी योजना आली. वरून पाणी येणार म्हटले, की खाली थेंब थेंब वाटून घेण्याची निकड ढिली पडते. जमिनीचे भाव वाढले. ज्याला एकराचा भाव रोज फोनवर कळतो, त्याला पाण्याची पाळी महिन्यातून एकदाच आठवते.

आणि शेवटी संस्थापकाचा प्रश्न. साळुंख्यांनी रोजचे वाटप गटांकडे दिले, पण नियमांचे वजन बऱ्याच अंशी त्यांच्या शब्दाचेच राहिले. गटागटांत वाद झाला तर ऐकायचे कुणाचे? प्रतिष्ठानचे. शासनाकडे अडलेले अनुदान कोण सोडवणार? प्रतिष्ठान. त्यांच्यानंतर कल्पनाताईंनी आणि कार्यकर्त्यांनी काम पुढे नेले. तरी गटांनी एकमेकांचे ऐकावे अशी, योजनांच्या वरची, शेतकऱ्यांचीच एखादी फळी तितकी भक्कम उभी राहिली नाही, असे मला वाटते. पाटकरी होता, गटप्रमुख होता, आणि एकदम वर संस्था होती. मधली पायरी कच्ची होती. हा दोष दाखवणे पन्नास वर्षांनंतर फार सोपे आहे, याची मला जाणीव आहे.

आपल्या बैठकीसाठी

हे प्रकरण मी गटांसमोर मांडतो तेव्हा भाषण करत नाही. नियम मोठ्याने वाचतो आणि मग काही प्रश्न विचारतो. ते इथेही देतो. उत्तरे गावोगाव वेगळी येतात.

तुमच्या गावात अजून पाणी आलेले नाही, असे किती महिने उरले आहेत? म्हणजे नियम ठरवायला तुमच्याकडे किती वेळ आहे? एका गटात याचे उत्तर आले होते, "साहेब, ठेकेदाराचे पोकलेन उद्या येतंय." मग ती बैठक रात्री अकरापर्यंत चालली.

तुमचे माप काय? जमीन, माणूस, घर, की वर्गणी? माणशी अर्धा एकर तुमच्याकडे बसेलच असे नाही. पाऊस वेगळा, खडक वेगळा, रान वेगळे. पण माप एकच असायला हवे आणि ते शेवटच्या शेतकऱ्याला तोंडपाठ हवे. चार अटी आणि तीन अपवाद असलेला नियम लक्षात राहतो तो फक्त अपवादवाल्याच्या.

गटाबाहेरच्या बोअरचे काय करणार? इथे शांतता पसरते. बहुतेक वेळा बोअर घेतलेला माणूस त्याच बैठकीत मागच्या रांगेत बसलेला असतो. त्याला कोपऱ्यात घेऊन उपयोग नसतो. त्याला गटात यायला काय मिळेल, हे सांगावे लागते.

कुणी जमीन विकली तर नव्या मालकाशी पहिल्यांदा कोण बोलणार, आणि खरेदीखत होण्याआधी की नंतर?

तुमच्यातले कोणते काम पगारी असेल? पगार कुणी द्यायचा आणि तो सहा महिने थकला तर बैठकीत कोण उभे राहील?

आणि सगळ्यांत शेवटी, चप्पल घालता घालता विचारायचा प्रश्न. दिवाळीच्या आसपास रब्बीची पहिली पाळी सुरू आहे, वीज रात्री एकला येते, पाटकरी मुलीकडे गेला आहे. दारे धरायला कोण जाणार? नाव सांगा.